पंचवीस हजारांचं प्रमोशन पॅकेज घेऊ का?

वाशीम जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं. वय 41, अंगणवाडी सेविका आहेत. निंदायला-वेचायला जाणाऱ्या बायांवर त्यांनी वऱ्हाडीत कथा लिहिल्या आणि घरचे 42 हजार भरून एका प्रकाशकाकडून 300 प्रती छापून घेतल्या. त्यातल्या 190 अजून धान्याच्या खोलीत गठ्ठे बांधून पडल्या आहेत. ई-बुकही प्रकाशकानेच ॲमेझॉनच्या किंडलवर टाकलं, किंमत ₹199. सहा महिन्यात 14 कॉप्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच पुण्यातल्या भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी घेतल्या. आता प्रकाशकाकडून सारखे फोन येतात की 25 हजारांचं डिजिटल प्रमोशन पॅकेज घ्या, 100 रिव्ह्यू, बेस्टसेलरचा बिल्ला आणि फेसबुकवर जाहिरात असं सगळं त्यात आहे. बचत गटातून महिना 2 टक्क्यांनी पैसे मिळू शकतात. भाचा म्हणतो पुढचं पुस्तक छापूच नको, फक्त ई-बुक काढ, आणि वऱ्हाडी सोडून प्रमाण मराठीत लिही. घरचे म्हणतात पुरे झालं आता. ताईंचा प्रश्न असा की कर्ज काढू, का लिहिणंच थांबवू?

ताई,

कर्ज काढू नका. हे आधी सांगते, कारण फोन करणारा उद्या पुन्हा फोन करील आणि "ऑफर आजच्यापुरतीच आहे" म्हणेल, तोवर तुमच्या हाती उत्तर पाहिजे.

हिशोब तुम्हीच करून पाहा. 25 हजारांवर महिना 2 टक्के म्हणजे ₹500 नुसतं व्याज. किंडलवर ₹199 च्या पुस्तकाला 35 टक्के रॉयल्टी, म्हणजे लेखकाचा वाटा, धरली तर एका कॉपीमागे ₹70 च्या आत येतात, म्हणजे व्याज निघायलाच महिन्याला सात-आठ कॉप्या खपल्या पाहिजेत आणि तुमच्या सहा महिन्यात 14 गेल्या. मुद्दल फेडायचं तर साडेतीनशेच्या वर कॉप्या लागतील, आणि हे रॉयल्टी पूर्ण तुमच्या हातात येते असं धरून, जे मला तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, त्यावर खाली येतेच.

आता त्या पॅकेजमध्ये काय काय आहे ते पाहू. पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेणं ॲमेझॉनच्या नियमात बसत नाही, घरच्या माणसाने लिहिलेले सुद्धा चालत नाहीत, असे रिव्ह्यू ते काढून टाकतात आणि फार झालं तर अकाउंटवरही येते. म्हणजे 100 रिव्ह्यू विकत घ्यायचे आणि त्यापायी स्वतःचं पुस्तकच धोक्यात घालायचं. बेस्टसेलरचं म्हणाल तर ती यादी प्रत्येक प्रकाराची वेगळी असते आणि थोड्या थोड्या वेळाने बदलत राहते, मराठी कथांच्या एखाद्या लहानशा प्रकारात एकाच दिवशी मोजक्या कॉप्या घेतल्या तरी पुस्तक वर दिसते, त्याचा स्क्रीनशॉट काढला की झाला बिल्ला तयार. दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा जिथल्या तिथे. राहिली फेसबुकची जाहिरात, ती खोटी नसते, पण तुमच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडल्यावर माणूस तिथे टिकला पाहिजे, आणि तिथेच मोठी अडचण आहे.

तुमच्या ई-बुकचा फुकट नमुना मी माझ्या फोनवर उघडून पाह्यला. किंडलवर पुस्तकाचा सुरुवातीचा थोडासा भाग, साधारण दहावा हिस्सा, कोणालाही पैसे न देता वाचता येतो आणि घ्यायचं का नाही हे माणूस त्यावरूनच ठरवतो. तुमच्या नमुन्यात काय आहे? आधी अर्पणपत्रिका, मग तीन शुभेच्छा संदेश, त्यातला एक पुढाऱ्याचा, मग प्रस्तावना, मग प्रकाशकाचे दोन शब्द, मग तुमचं मनोगत, मग अनुक्रमणिका आणि मग पहिली कथा सुरू होते न होते तोच नमुना संपला. तुमची बाई शेतात पोचलीच नाही हो. जे वाचून माणूस म्हणेल की अरे हे तर आमच्याच घरचं आहे, ते त्याला दिसतच नाही. छापील पुस्तकात हे चालून जाते, लोक पानं उलटतात आणि मधूनच वाचायला लागतात, फोनवर तसं कोणी करत नाही. तेव्हा पहिलं काम, तो सगळा ऐवज पुस्तकाच्या शेवटी न्या. पुढे फक्त नाव आणि थेट कथा, तीही तुमची सगळ्यात दमदार कथा, मानाने पहिली आली पाहिजे म्हणून आलेली नको. ज्यांनी शुभेच्छा दिल्या ते रागावणार नाहीत, छापील पुस्तकात त्या आहेतच.

दुसरी गोष्ट त्याहून जीवाला लागली. पुस्तकभर जिथे जिथे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, यायला पाहिजे तिथे 'पर्हाटी' झालं आहे, एक-दोन ठिकाणी तर अक्षर फुटून मधे ठिपक्यांचा गोल आला आहे. वऱ्हाडी शब्दाचंही तेच. कारण साधं आहे, छपाईसाठी डीटीपीवाले मजकूर जुन्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी वगैरेत करतात, ई-बुकला युनिकोड लागते, म्हणजे कुठल्याही फोनवर उमटणारी अक्षरं, मग कन्व्हर्टरमधून काढताना ऱ्य, ऱ्ह सारखी अक्षरं तुटतात आणि रफार उड्या मारतात. यंत्राने काढल्यावर माणसाने एकदा पूर्ण वाचायचं असते, ते तुमच्या पुस्तकाचं कोणी केलेलं दिसत नाही. कापूस वेचणाऱ्या बायांच्या पुस्तकात पऱ्हाटीच मोडकी दिसावी, हे वाचणाऱ्याला खुपते, आणि त्याला वाटते लिहिणारीलाच येत नाही. हे तुम्ही किंवा तुमच्या गावातला एखादा बारावीतला पोट्टा फोनवर बसून चार-सहा संध्याकाळी दुरुस्त करू शकता, वर्डची फाईल युनिकोडमध्ये नीट करायची आणि तीच पुन्हा अपलोड करायची. पैसे लागत नाहीत. जुन्या खरेदीदारांकडे आहे ते राहिलं तरी नवीन माणसाला चांगलं मिळेल. एक करा, आपल्याकडचा साधा स्वस्तातला फोन घेऊन त्यावर उघडून पाहा, कॉम्प्युटरवर पाहून समाधान मानू नका.

आता भाच्याचं म्हणणं. तो तुमच्या भल्याचंच बोलून राहिला, पण "जमाना ई-बुकचा आहे" हे अर्धंच खरं आहे. ॲमेझॉनने किंडल 2007 साली आणलं तेव्हा सगळे म्हणत होते की कागद संपला. तसं झालं नाही. अमेरिकेसारख्या देशात, जिथे हे सुरू झालं, तिथे प्यू रिसर्च या पाहणी करणाऱ्या संस्थेने 2021 साली विचारलं तेव्हा वर्षभरात छापील पुस्तक वाचलेले 65 टक्के निघाले, ई-बुक वाचलेले 30 आणि ऑडिओबुक ऐकलेले 23. आणि ई-बुकात जे धडाधड खपते ते बहुतेक एका प्रकारचं असते, प्रेमकथा, रहस्यकथा, भागांमागून भाग येणाऱ्या मालिका, जिथे वाचक एक संपलं की लगेच दुसरं मागतो. प्रतिलिपी या कथा वाचायच्या ॲपवर मराठीत काय चालते ते भाच्याला पाहायला सांगा, तिथेही लांब मालिकाच पुढे असतात. तुमच्या कथा तशा नाहीत, एक वाचली की माणूस थोडा वेळ गप्प बसतो. त्या त्या वेगाने खपणार नाहीत आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या सरकारने 2018 साली ई-बुकवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आणला तो सुद्धा ज्यांची छापील आवृत्ती आहे अशाच ई-बुकांचा, नुसत्या ई-बुकला ती सूट नव्हती. म्हणून छापणं बंदच करायचं हे मला पटत नाही. कमी छापा, हे म्हणा. 300 ऐवजी पुढच्या वेळी 100 छापा, आता डिजिटल प्रिंटिंगमध्ये तेवढ्याही निघतात, प्रतीमागे थोडे जास्त पडतात पण घरात गठ्ठे राहत नाहीत.

किंडलवर पुस्तक असणं म्हणजे गोडाऊनात माल असल्यासारखं आहे, ज्याला नाव माहीत आहे तो मागून नेतो, बाकी दारावरून जाणाऱ्याला पत्ता नसतो. ई-बुक स्वतःहून कोणाला हाक मारत नाही. तुमचं नाव माणसाच्या कानावर आधी दुसरीकडून जावं लागते. म्हणून प्रमोशन कुठे करायचं हा प्रश्न नंतरचा, आधी हे ठरवा की हे पुस्तक कोणाला पाहिजे आहे.

आणि इथे तुमच्या त्या 14 कॉप्यांकडे मला वेगळ्या नजरेने पाहावं वाटते. तुम्ही लिहिलं की "भाच्याच्या मित्रांनी घेतल्या, त्या काही खऱ्या विक्रीत धरता येत नाहीत." काऊन धरता येत नाहीत? भाच्याला विचारा त्यातले किती जण आपल्याकडचे आहेत, रिसोड, कारंजा, दर्यापूर, पुसद. माझा अंदाज आहे बरेच असतील. पुण्यात हिंजवडीत, चाकणला, नोकरीपायी गेलेली विदर्भातली पोरं-पोरी कमी नाहीत, त्यांच्या फोनमध्ये किंडलचं ॲप असते, खिशात ₹100 असतात आणि आईच्या तोंडचं बोलणं ऐकायला मिळत नाही. तोच तुमचा ई-बुकचा वाचक आहे, ताई. त्यांनी ओळखीपायी घेतलं असेल, पण त्यातल्या एकाने जरी रात्री घरी फोन करून सांगितलं असेल की माय, तुझ्यावर लिहिलेलं वाचून राहिलो, तर त्याच्यासारखे अजून आहेत. म्हणून भाच्याला पैसे नका मागू, त्याच्याकडून एक काम मागा. त्या मित्रांपैकी ज्याला आवडलं त्याने आपल्या गावाकडच्या, कॉलेजच्या ग्रुपवर दोन ओळी आपल्या शब्दात लिहायच्या आणि खाली लिंक द्यायची. फॉरवर्ड नको, स्वतःचं लिहिलेलं पाहिजे.

म्हणूनच वऱ्हाडी सोडायचा सल्ला मला मान्य नाही. ज्याला तुमचं पुस्तक हवं आहे त्याला ते वऱ्हाडीसाठीच हवं आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी 1960 सालची, त्यातलं बोलणं आपल्याकडचं आहे आणि ती साऱ्या महाराष्ट्राने वाचली. फार तर निवेदन थोडं सोपं ठेवा आणि बोलणं जसं आहे तसं राहू द्या, शेवटी एक पानभर शब्दांचे अर्थ द्या, पण ते कथेच्या गरजेने करा, पुण्याच्या भीतीने नको.

किंमत मात्र मी कमी करीन. भारतात 70 टक्के रॉयल्टी मिळवायची असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये टाकावं लागते (केडीपी म्हणजे ॲमेझॉनवर स्वतः ई-बुक काढायची सोय, सिलेक्ट ही त्यातली एक योजना), मग ₹99 किमतीतही ₹199 च्या 35 टक्क्यांएवढेच पैसे जवळजवळ येतात, फाईलच्या वजनाचे एमबीमागे ₹7 कापतात तेवढा फरक. नुसत्या मजकुराचं पुस्तक हलकं असते, त्यामुळे फोटो घालून जड करू नका. सिलेक्टची अट नीट समजून घ्या, 90 दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, बुकगंगावर नाही, गुगलवर नाही आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरवणं तर नाहीच. छापील पुस्तक कुठेही विकायला मोकळीक असते. त्या 90 दिवसात 5 दिवस पुस्तक फुकट ठेवता येते, ते एकदम वाया घालवू नका, एखादा दिवस 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी, एखादा 8 मार्चला. फुकट उतरवून घेणारे सगळे वाचत नाहीत हेही धरून चाला. ज्यांना ही अट नको त्यांनी 35 टक्क्यांत राहून बुकगंगावरही ठेवावं, मराठी पुस्तकं शोधणारा माणूस तिथे जातो. दोन्हींतलं एक निवडावं लागेल. तुमचा वाचक पुण्या-मुंबईत किंडलवर आहे असं निघालं तर मी सहा महिने सिलेक्ट करून पाहीन.

अपलोड करताना शोधशब्दांचे सात रकाने येतात, तिथे वऱ्हाडी कथा, विदर्भ, शेतकरी स्त्रिया असं देवनागरीत लिहा आणि तेच रोमन अक्षरातही लिहा, कारण फोनवर मराठी माणूस बरेचदा तसंच टाईप करून शोधतो.

पण हे सगळं करायला ते अकाउंट कोणाच्या नावावर आहे? हा माझा तुम्हाला सगळ्यात मोठा प्रश्न. 14 हा आकडा तुम्हाला प्रकाशकाने सांगितला. विक्रीचा रिपोर्ट फक्त अकाउंटवाल्याला दिसतो, आणि किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वर्गणी भरून वाचायच्या योजनेत, लोकांनी किती पानं वाचली त्याचे पैसे वेगळे येतात, ते विक्रीत दिसत नाहीत. तुम्ही लिहिलं की करारावर सही केली पण कॉपी मिळाली नाही. ती मागा, लेखी मागा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर 5 वर्षंच धरतात. ई-बुकचे हक्क त्यांना दिलेच नसतील तर पुस्तक तुम्ही स्वतःच्या अकाउंटवर टाकू शकता, त्यांना आधी काढायला सांगून. अकाउंट उघडायला पॅन आणि बँकेचं खातं लागते, पैसे महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी येतात. आणि तुमच्या 42 हजारांच्या बिलात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ₹3,000 लावलेत, तर सगळ्याच वाचकांना सांगून ठेवते की आपल्या देशात आयएसबीएन फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून, लेखक स्वतः अर्ज करू शकतो. किंडलच्या ई-बुकला तर तो लागतही नाही.

आता त्या 190 प्रती. यांना विकायला ज्या बायांवर पुस्तक आहे त्यांच्यात जा. त्यांच्यातल्या काही वाचत नाहीत, ऐकतात. बचत गटाच्या बैठकीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, कामं सरल्यावर एक कथा मोठ्याने वाचा, दहा मिनिटांची. लेकीला घरी नेऊन दे म्हणून एखादी घेईल. एका कथेचं फोनवर रेकॉर्डिंग करून युट्यूबवर टाका, तुमच्या आवाजात, अंगणवाडीत गोष्ट सांगण्याची सवय आहे तुम्हाला, त्यातली अर्धी मेहनत झालेली आहे. ही रेकॉर्डिंग पुण्यातल्या पोरांपर्यंतही जाईल आणि नाव कानावर जाणं म्हणतात ते हेच. एक मात्र पाळा, अंगणवाडीत येणाऱ्या आयांना किंवा प्रकल्पाच्या मीटिंगमध्ये पुस्तक विकू नका, त्यांना नाही म्हणता येत नाही आणि उद्या तक्रार झाली तर मानधनावर येईल.

पुस्तकाच्या मागच्या आतल्या पानावर तुमचा पैसे घ्यायचा क्यूआर कोड चिकटवा, गावात आता सुट्टे कोणाजवळ नसतात. शेजारीच दुसरा कोड ई-बुकचा, म्हणजे घरी पुस्तक पाहिलेला मुलगा पुण्यात जाऊन उतरवून घेईल.

तालुक्यातल्या सार्वजनिक वाचनालयांना एकेक प्रत घेऊन स्वतः भेटा, क आणि ड वर्गातली लहान वाचनालयं सुद्धा सोडू नका, आणि ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी करते त्यासाठी प्रत पाठवायची तारीख जिल्हा ग्रंथालय कार्यालयात विचारून घ्या, यादीत नाव आलं की वाचनालयांना खरेदी सोपी जाते. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात टेबल मिळते का तेही तिथेच कळेल. अमरावती विद्यापीठातल्या कॉलेजांमध्ये मराठीचे प्राध्यापक वऱ्हाडी बोलीवर काम करून घेतात, त्यांना पत्रासोबत एक प्रत गेली तर वाया जाणार नाही. विदर्भ साहित्य संघ 1923 पासून आहे, त्यांच्या जवळच्या शाखेत कार्यक्रम कधी असतो ते पाहा आणि भाषणाची अपेक्षा न ठेवता कथा वाचायला वेळ मागा.

बाहेरगावी पाठवायचं तर पोस्टात ग्यान पोस्टची चौकशी करा, 1 मे 2025 पासून सुरू झाली, 300 ग्रॅमपर्यंत ₹20 आणि वर कर लागतो. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी आहे, पाकिटावर तसं लिहावं लागते आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं पाहिजे. पोस्टमास्तरांना पुस्तक दाखवूनच पाकीट बंद करा.

घरच्यांबद्दल. 42 हजार गेले ते घरातून गेले, त्यांचा राग पैशांचा आहे, तुमच्या लिहिण्याचा आहे असं मला पत्रावरून वाटत नाही. त्यांना सांगा की नवीन पैसा लावणार नाही, आणि पुस्तकाचे जे येतील ते वेगळ्या डब्यात ठेवून त्यातूनच टपालाचा खर्च करीन. वर्षभर हा शब्द पाळला तर बोलणं आपोआप कमी होते. लिहिणं थांबवायचा प्रश्नच नाही, तुम्ही पत्रातच नवीन कथेच्या दोन ओळी लिहून पाठवल्या, थांबलेली बाई असं करत नाही.

आधी फाईल नीट करा, मग कराराची कॉपी, मग किंमत. ग्रुपवर लिंक टाकायचं काम पऱ्हाटी सरळ झाल्यावरच. आणि करार हातात आला की त्यातला हक्कांचा भाग मला पाठवा, नाव-गाव खोडून पाठवला तरी चालते, अशीच सही करून बसलेल्या आणखी काही जणांची पत्रं माझ्याजवळ आहेत, सगळ्यांसाठी मिळून त्यावर लिहीन.